उभ्याने गेलेले दिवस

मराठीने गरोदर बाईसाठी शब्दांची कंजुषी केलेली नाही. गर्भारशी, गरवार, पोटुशी, दोन जिवांची, अवघडलेली; आणि या साऱ्यांवर कडी करणारे आपले ते खास वाक्य, "तिला दिवस गेले आहेत." हे वाक्य मी वर्गात व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहिते, तेव्हा मागच्या बाकांवर खसखस पिकते. ती ओसरली की मी विचारते, या वाक्यात कर्ता कोण? उत्तर बरोबर येते: दिवस. जाण्याची क्रिया दिवसांनी करायची. बाई बिचारी 'तिला' होऊन बाजूला बसलेली. तिने काही करायचे नाही, दिवस आपापले जाणार. हे वाक्य घडवले गेले तेव्हा तसे असेलही, जरी विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या आणि शेतात खुरपणाऱ्या बायकांना विचारले असते तर त्यांनी वेगळेच सांगितले असते. लोकलने नोकरीला जाणाऱ्या बाईचे दिवस मात्र आपोआप जात नाहीत. ते तिला न्यावे लागतात, आणि त्यांतले पुष्कळसे उभ्याने न्यावे लागतात.

आपल्या जुन्या वाङ्मयात गर्भवतींना तोटा नाही, पण त्यांतल्या एकीलाही गाडी गाठायची नसते. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गातली सुदक्षिणा माती खाते, आणि दिलीप राजा एकांतात तिच्या मुखाला येणारा मातीचा वास घेतो. उत्तररामचरितातल्या सीतेला पुन्हा एकदा वने पाहावीशी वाटतात, तर तिच्यासाठी दाराशी रथ उभा राहतो. तो तिला कुठे उतरवून येणार आहे हे तिला कुणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी. डोहाळे हा शब्दच मुळी 'दोहद', 'दौहृद' यांच्या कुळातला. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून तिला दोन हृदयांची म्हणावे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात, असे सुश्रुताचे सांगणे. मला लागलेला डोहाळा सुश्रुताच्या ध्यानीमनीही आला नसता. मला डोंबिवली ते दादर खिडकीची सीट हवी होती. खिडकी नाही तर नाही, चौथी सीटही चालली असती.

मुंबईबाहेरच्या वाचकांना चौथी सीट म्हणजे काय ते सांगायला हवे. लोकलच्या बाकावर जागा तिघींची असते; चौथी अर्धी मांडी टेकवून, एक पाय वाटेत रोवून बसते. त्याला बसणे म्हणायचे ते केवळ उभ्या असलेल्यांना हेवा वाटतो म्हणून. या चौथ्या जागेचेही आरक्षण होते. गाडीत चढल्याबरोबर "कुठे उतरणार?" हा प्रश्न बाकाबाकावरून फिरतो, कुणी घाटकोपर सांगते, कुणी कुर्ला, आणि त्या हिशेबाने उभ्या असलेल्या बायका आपापले भवितव्य ठरवून घेतात. रेल्वेच्या कोणत्याही नियमपुस्तकात हे नाही, पण याइतका काटेकोरपणे पाळला जाणारा नियम मी दुसरा पाहिलेला नाही.

ही हकीकत 2009 सालची. मी तेव्हा एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. तासिका तत्त्व या भारदस्त शब्दांचा अर्थ इतकाच, की जितके तास शिकवाल तितक्यांचे पैसे. सुट्टी पडली, पैसे नाहीत. मुलांचा संप झाला, पैसे नाहीत. तापाने फणफणलात, पैसे नाहीतच. आणि तास म्हणजे साठ मिनिटांचा नव्हे; आमचा तास 48 मिनिटांचा. अशा नोकरीत 'रजा' हा शब्द वापरायला जागाच नसते. नोकरीच एका शैक्षणिक वर्षापुरती; मेमध्ये संपते, आणि पुन्हा बोलावणे आले तर जून-जुलैत सुरू होते.

त्या जूनमध्ये कॉलेज उघडले आणि त्याच आठवड्यात मला ओकाऱ्या सुरू झाल्या. बाहेर पाऊस, डब्याच्या खिडक्या बंद, ओल्या छत्र्या आणि ओल्या साड्या यांचा एकत्र वास, त्यात कुणाच्या तरी केसांतला मोगरा. मोगऱ्याने मळमळते हे मी कुणाला सांगितले असते तर मला अरसिक ठरवले असते.

सांगायचे मात्र नव्हतेच. सासूबाईंनी बजावले होते, "तीन महिने पुरे होईपर्यंत बाहेर ब्र काढू नकोस." मी या रीतीला हसत नाही. गर्भ टिकत नाही तो बहुधा याच तीन महिन्यांत. जी बातमी परत घ्यावी लागण्याचा संभव आहे ती गावभर करू नये, यात शहाणपण आहे. दृष्टीचे नाव पुढे करून आपल्या बायकांनी एका दुःखाभोवती आडोसा उभा केला, असेच मला वाटते. अडचण एवढीच, की बाईला उभे राहवत नाही तेही याच तीन महिन्यांत. सातव्या महिन्यात पोट स्वतःच बोलते. तिला पाहून चार जणी उठतात. दुसऱ्या महिन्यात ती कोऱ्या चेहऱ्याने दांडीला लटकलेली असते, आणि बसलेल्यांच्या दृष्टीने ती एक तरणीताठी मुलगी असते, जिने खरे तर उठून दुसऱ्याला जागा द्यायची. लंडनच्या वाहतूकवाल्यांनी 2005 साली गरोदर बायकांसाठी एक बिल्ला काढला. पोट दिसो न दिसो, तो लावला की लोकांनी उठावे. जपानने पुढच्याच वर्षी तसली खूण काढली. आपल्याकडे असा बिल्ला छातीवर मिरवणारी बाई मला डोळ्यांपुढे आणता येत नाही. सासूबाई तर नक्कीच म्हणाल्या असत्या, हे म्हणजे दृष्टीला आमंत्रणपत्रिका पाठवण्यासारखेच झाले!

मला बिल्ल्यावाचून ओळखणारी एक जण निघाली. मंत्रालयात नोकरीला असलेल्या, सगळा डबा ज्यांना काकू म्हणे अशा एक बाई रोज त्याच गाडीला असत. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, हातात जपमाळ नाही तर निवडायची मेथी. एके सकाळी मुंब्र्याचा बोगदा गेला आणि मी ओढणी नाकाशी धरून दाराकडे सरकू लागले. काकूंनी मेथीवरची नजर न उचलता विचारले,

"कितवा?"

मी म्हटले, "काय काकू?"

"महिना गं. कितवा?"

त्या क्षणी माझ्या आईलाही नीटसे ठाऊक नव्हते, ते सात बावन्नच्या बायकांच्या डब्याला ठाऊक झाले. काकू उठल्या नाहीत. गुडघे धरलेल्या बाईने उठायचे कशाला? त्यांनी खिडकीतल्या मुलीला नुसती मान हलवून खूण केली. ती उठली. कुणी कारण विचारले नाही, कुणी अभिनंदन केले नाही. काकूंनी पिशवीतून आलेपाकाची वडी काढून माझ्या हातावर ठेवली आणि पुन्हा मेथीला लागल्या. दुसऱ्या दिवसापासून घाटकोपरला उतरणारी एक बाई माझ्यासाठी ठाण्यालाच उठू लागली. वीस-बावीस मिनिटे आधी. तिचे नाव मला कधीच कळले नाही.

चौथ्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार वेळ उभं राहायचं नाही हं." त्यांनी कारणही समजावले: या काळात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, शिरा सैल पडतात, आणि उभे राहिले की ते रक्त पायांत साठून डोक्याला कमी पडते, म्हणून पाय सुजतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या रात्री मी वेळापत्रकाच्या मागल्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. प्लॅटफॉर्मवर 10 मिनिटे, गाडीत, जागा मिळाली नाही तर, 55, दादरला बसच्या रांगेत 15, बसमध्ये 20. झाली 100. तेवढीच परतीची. वर्गात चार तास, 48 मिनिटांचे, म्हणजे 192. एकंदर 392 मिनिटे; साडेसहा तासांहून अधिक. त्यातही मौज अशी, की शिकवताना उभे राहायचे त्यापेक्षा शिकवायला पोचण्यासाठी आणि तिथून परतण्यासाठी अधिक उभे राहायचे.

हे आकडे माझ्या मनात पुष्कळ वर्षे राहिले, आणि मग केव्हातरी मी बाळंतपणाच्या रजेचे कायदे वाचायला घेतले. मुंबई कायदे कौन्सिलात 1928 साली गिरणीतल्या बायकांसाठी असे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याची बाजू उचलून धरली होती. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे यात साऱ्या देशाचे हित आहे, आणि तिच्या श्रमावर ज्याला नफा होतो त्या मालकाने त्याचा काही भार सोसला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी, 1929 साली, तो मुंबई इलाख्यात कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1961 साली देशासाठी मातृत्व लाभाचा कायदा आला. त्यात बारा आठवड्यांची पगारी रजा होती. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली. हे बहुतेकांना माहीत असते. पण 1961 च्या त्या कायद्यात चौथ्या कलमाच्या पोटात एक लहानशी तरतूद होती, तिच्यापाशी मी थबकले. प्रसूतीच्या सहा आठवडे आधीच्या महिन्यात, बाईने मागणी केल्यास, तिला फार वेळ उभे राहावे लागेल असे काम सांगू नये.

उभे राहणे! म्हणजे कायदा लिहिणाऱ्याला ते सुचले होते. कुणीतरी, बहुधा गिरणीत साच्यापुढे दिवसभर उभी असलेली बाई पाहूनच, हे वाक्य घातले असणार. तेव्हाच्या कामकरी बाया बहुतेक गिरणीच्या आसपासच्या चाळींत राहत. काम तेवढे उभ्याचे, वाट थोडी. आता वाट हेच अर्धे काम झाले आहे, आणि वाटेवरच्या 200 मिनिटांचा मालक कोण, हे कोणत्याही कलमात नाही. शिवाय तो कायदा कारखाने, खाणी, मळे यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला. दिल्ली महापालिकेकडे रस्त्यांवर राबणाऱ्या, हजेरीपटावरच्या रोजंदार बायकांनासुद्धा हा लाभ मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला 2000 साली निकाल देऊन सांगावे लागले. तासिका तत्त्वावरची प्राध्यापिका या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत असते. पदवी पांढरपेशी, हिशेब रोजंदारीचा.

तो हिशेब ऑगस्टमध्ये चांगलाच कळला. स्वाइन फ्लूने त्या वर्षी पुण्यात पहिला बळी घेतला आणि पाठोपाठ मुंबईतल्या शाळा-कॉलेजे आठवडाभर बंद ठेवण्यात आली. गरोदर बायकांना या रोगाचा धोका अधिक, असे वर्तमानपत्रांत रोज छापून येई. घरच्यांना वाटले, बरे झाले, देवाने आठवडाभर घरी बसवले. मलाही बरे वाटले, नाही असे नाही. पाय उशीवर ठेवून झोपले. पण सोळा तास बुडाले होते, आणि माझ्या पगाराच्या मानाने सोळा तास म्हणजे गंमत नव्हती. सोनोग्राफीचे पैसे त्यातून जायचे होते. नंतर तोंडाला फडके बांधून गाडीत चढले तेव्हा सगळा डबाच तोंड बांधलेला. काकू फडक्याआडून म्हणाल्या, "आता कुणाला मोगऱ्याचा त्रास नाही." म्हणजे तेही त्यांनी ओळखले होते.

वर्गातल्या उभ्याचा प्रश्न त्या मानाने सोपा होता, आणि तोच सुटायला वेळ लागला. आमच्या वर्गांत शिक्षकासाठी उंच लाकडी चौथरा आणि टेबल, खुर्ची नाही. मी कार्यालयात खुर्ची मागितली. उत्तर मिळाले, की बसून शिकवण्याची इथे पद्धत नाही, आणि एका वर्गात खुर्ची ठेवली तर सगळ्याच वर्गांत मागतील. मागतील तर मागोत, यात काय बुडणार होते ते मला आजही उमगलेले नाही. अर्ज करा म्हणाले, केला. तो विचाराधीन असतानाच आमच्या शिपाईमामांनी ग्रंथालयातली एक मोडक्या हाताची खुर्ची आणून चौथऱ्यावर ठेवली, आणि घंटा झाली की ती खांद्यावर टाकून माझ्या पुढच्या वर्गात नेऊ लागले. "मॅडम, माझ्या मंडळींच्या वेळी मी गावाकडे होतो नि ती इथं," एवढेच ते एकदा म्हणाले. बसून कविता शिकवता येते की नाही याविषयी माझ्या मनात शंका होती. येते. उलट मुले अधिक गप्प बसतात. आवाज खालून आला की कान द्यावा लागतो.

दिवाळीपर्यंत सहावा महिना होता. त्या वर्षी चकल्या विकतच्या आणल्या, आणि सासूबाईंनी त्या पाहुण्यांपुढे ठेवताना "घरच्या" म्हटले नाही तरी "विकतच्या"ही म्हटले नाही. बाळाची तयारी मात्र सगळी गाडीत झाली. आईने धाडलेल्या जुन्या सुती साडीची दुपटी मी डोंबिवली-दादरच्या दरम्यान शिवली. सुई टोचायची ती कळव्याच्या सांध्यांवर, तिथे गाडी फार हलते. समोरच्या बाईने कुंची विणायला घेतली. कुर्ल्याच्या एकीने सांगितले बाळंतशोप कुठली घ्यायची, दुसरीने तिला खोडून काढले. अळीव आधी खायचे की बाळंतपणानंतर, यावर एकदा विक्रोळीपर्यंत वाद चालला.

घरी सातव्या महिन्यात डोहाळजेवण झाले ते रीतीप्रमाणे. झोपाळा, हिरवी साडी, फुलांची वाडी, वाटीखाली पेढा की बर्फी. ते छान झाले. पण मला आठवते ते डब्यातले. शुक्रवारची सकाळ, मी चढले तर दांडीला झेंडूच्या माळा. काकूंनी बसल्या जागी ओटी भरली. नारळ घरंगळत बाकाखाली गेला तो तिसऱ्या बाकावरच्या मुलीने अडवला. कुणी इडल्या आणलेल्या, कुणी ढोकळा, कोळीणबाईंनी हिरव्या बांगड्या. ठाण्याला चढणाऱ्या अनोळखी बायकांनाही द्रोण दिले गेले, आणि हातात द्रोण असल्यामुळे त्यांना दांडी धरता येईना, म्हणून बसलेल्यांनी त्यांची कंबर धरली. पेढा की बर्फी विचारायला वाटी नव्हती. डब्याच्या झाकणाखाली ठेवून विचारले. घाटकोपरवाली त्या दिवशी घाटकोपरला उतरली नाही. दादरपर्यंत आली आणि उलट गाडीने परत गेली. तिला ऑफिसात उशिराचा शेरा मिळाला असणार.

प्रसूतीची तारीख जानेवारीच्या अखेरीची होती. नोव्हेंबर-डिसेंबरात मी शनिवारीही जाऊन जादा तास घेतले, कारण पुढचे बुडायचे तास आधी घेतले तर त्यांचे पैसे मिळत. कायद्याने ज्या महिन्यात उभे राहू नये म्हटले, त्याच महिन्यात मी सर्वांत जास्त तास घेतले. त्याला कुणाची सक्ती नव्हती, हिशेबाची होती. शेवटच्या दिवशी लेखनिकाने वहीवर बोट फिरवत तास मोजले, माझी सही घेतली, आणि वही मिटून "शुभेच्छा, मॅडम" म्हणाला. मुलगी झाली. पेढ्या-बर्फीचे भाकीत डब्यातले बरोबर निघाले, घरातले चुकले.

पुढच्या जूनमध्ये नेमणुकीची यादी लागली. तीत माझे नाव नव्हते. काढून टाकले असे म्हणता येईना, कारण नोकरी मेमध्येच संपलेली. ती फक्त पुन्हा सुरू झाली नाही. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार होती, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. त्या व्यवहारात तक्रार करावी असा कुणी माणूसच समोर नव्हता, हेच त्याचे कसब. दोन वर्षांनी दुसऱ्या कॉलेजात मला पूर्णवेळ जागा मिळाली, म्हणून आज हे इतक्या शांतपणे लिहिता येते.

आमच्या विभागात सध्या एक मुलगी तासिका तत्त्वावर आहे; बदलापूरहून येते, म्हणजे माझ्यापेक्षा कितीतरी दूरची. जुलैत एका दुपारी ती स्टाफरूममध्ये डबा न उघडता बसली होती. मोगऱ्याचा काळ संपला होता, पण कुणाच्या तरी डब्यातला बोंबील तिला सोसत नव्हता. मी दार लावून घेतले आणि विचारले, "कितवा?" ती दचकली, मग हसली. म्हणाली, "मॅडम, अजून कुणालाच सांगितलं नाहीये." अपंगांसाठी राखीव डब्यातून गरोदर बायकांना जाता येते, हे मी तिला सांगितले. तिला ते ठाऊक होते. "पण दिसत कुठे काही? चढले तर सगळे बघतात." मग मी तिला माझ्या माहितीतल्या गोष्टी सांगितल्या: खिशात आलेपाक असू द्यावा, उपाशीपोटी गाडीत चढू नये, पायांत घट्ट मोजे घालावेत, उभे राहावेच लागले तर पाय हलवत राहावे, रोजची गाडी एकच धरावी आणि त्या डब्यातली सर्वांत जुनी बाई कोण ते पाहून तिच्याजवळ उभे राहावे. शेवटची गोष्ट तिने वेळापत्रकाच्या मागे लिहून घेतली.

तेवढ्यात घंटा झाली आणि ती पुस्तके घेऊन उठली. तिच्या वर्गात खुर्ची आहे का, हे विचारायचे राहिले, म्हणून मी जिन्यापर्यंत तिच्यामागे गेले. नव्हती. स्टाफरूममधली एक आम्ही दोघींनी मिळून वर नेली.